५५५ ते ६५५ : जीमॅटच्या एका तयारीचं प्रकरण

ती पहिल्यांदा भेटायला आली ती जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेचा, स्कोअर रिपोर्ट आणि तीन जाड वह्या घेऊन. रिपोर्टवर एकूण ५५५. क्वांट (गणित) ७७, व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि युक्तिवाद) ८२, डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांतली माहिती) ७४. वह्या शेवटच्या पानापर्यंत भरलेल्या. नोकरी सांभाळून सहा महिने रोज दोन-अडीच तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच-सहा तास तिने या परीक्षेला दिले होते. "सर, एवढं करूनही इतकेच येत असतील, तर ही परीक्षा माझ्यासाठी नाहीच असं समजू का?" हा तिचा पहिला प्रश्न.

मी जीमॅट देणाऱ्यांना शिकवतो आणि हा प्रश्न मला दरवर्षी कित्येकदा ऐकावा लागतो. विचारणारा बहुतेक वेळा मेहनतीत कमी पडलेला नसतो, म्हणूनच तो ऐकताना जीव तुटतो. तिच्या बाबतीतही तसंच होतं. कष्टात कसूर नव्हती, गणित कच्चं नव्हतं, तरी स्कोअर हलत नव्हता. तो का हलत नाही हे कळायला आम्हाला पाच आठवडे लागले आणि त्यातले पहिले तीन माझ्या चुकीमुळे वाया गेले. हे सगळं तिच्या परवानगीने लिहितोय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधीचे सहा महिने

तिने सुरुवात केली ती ऑफिसमधल्या एका सीनिअरने दिलेल्या पुस्तकांवर. पुस्तकं चांगली होती, पण जुन्या परीक्षेची. जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी परीक्षा बंदच झाली. जुन्या परीक्षेत निबंध होता, व्हर्बलमध्ये सेंटेन्स करेक्शन म्हणजे वाक्यरचनेचे प्रश्न होते, क्वांटमध्ये भूमिती होती. नव्या परीक्षेत यातलं काहीच नाही. आता पंचेचाळीस मिनिटांचा एक असे तीन सेक्शन असतात : क्वांटचे २१ प्रश्न, व्हर्बलचे २३ आणि डेटा इनसाइट्सचे २०. सव्वादोन तासांत परीक्षा आटोपते.

तिची पहिली वही जवळजवळ सगळी वर्तुळं, त्रिकोण आणि इंग्रजी व्याकरणाच्या नियमांनी भरलेली होती. सुंदर अक्षर, रंगीत पेनांनी केलेल्या चौकटी. सात आठवड्यांचं काम होतं ते. मी पानं उलटत होतो आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "यातलं काहीच विचारत नाहीत, हे मला नंतर कळलं," ती म्हणाली.

दुसरी गोष्ट आकड्याची. त्याच सीनिअरला जुन्या परीक्षेत ७०० होते, म्हणून तिनेही टेबलासमोर ७०० लिहून लावलं होतं. नव्या परीक्षेत ७०० हा स्कोअर मिळतच नाही. स्कोअरची पट्टी २०५ ते ८०५ अशी आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक स्कोअर ५ ने संपतो. जुना स्कोअर शून्याने संपायचा, त्यामुळे बघताक्षणी दोन्हींतला फरक ओळखता येतो. पर्सेंटाइलच्या हिशेबाने जुन्या ७०० च्या जवळ येतो तो नवा ६४५. म्हणजे तिला वाटत होतं तसं अंतर १४५ गुणांचं नव्हतं, ९० गुणांचं होतं. तेही कमी नाही, पण न मिळणाऱ्या आकड्याकडे बघत सहा महिने अभ्यास करणं माणसाला आतून थकवतं. तो कागद आम्ही पहिल्याच दिवशी बदलला.

आणखी एक घोळ मॉकचा, म्हणजे सराव परीक्षांचा. परीक्षा घेणाऱ्या जीमॅकच्या सहा अधिकृत मॉक आहेत, त्यातल्या पहिल्या दोन मोफत. तिने त्या दोनच पुन्हा पुन्हा दिल्या होत्या. शेवटच्या वेळी ६२५ आले आणि त्या भरवशावर तिने परीक्षेची तारीख घेतली. मॉक पुन्हा दिली की काही प्रश्न आधी पाहिलेले निघतात, आणि तिची स्मरणशक्ती चांगली आहे. ६२५ मधले काही गुण त्या स्मरणशक्तीचे होते.

माझे तीन आठवडे

पुन्हा परीक्षा द्यायला सोळा दिवस थांबावं लागतं. तिला सतराव्या दिवसाची तारीख हवी होती. तेवढं मात्र मी रोखलं. पण मीही घाई वेगळ्या तऱ्हेने केलीच. तिचा क्वांटचा स्कोअर पाहिला, डेटा इनसाइट्सचा पाहिला आणि ठरवून टाकलं की कठीण प्रश्नांचा सराव कमी पडतोय. रोज तीस कठीण प्रश्न, असा तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून दिला. तिने तो एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. मग तिसरी मॉक दिली, पूर्ण नवी. ५७५. क्वांट ७८.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. तिने नवी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पानाला चार रकाने पाडलेले : प्रश्न, माझं उत्तर, बरोबर उत्तर, कारण. शेवटच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द होता, सिली मिस्टेक. सिली मिस्टेक. सिली मिस्टेक. मधूनच कुठे तरी 'वेळ पुरला नाही'.

हा रकाना मी पहिल्याच दिवशी नीट वाचायला हवा होता. 'सिली मिस्टेक' हे कारण होऊच शकत नाही. त्या शब्दाने माणूस स्वतःला रागावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. उद्या तीच चूक होऊ नये म्हणून काय करायचं, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. मी तिला म्हटलं, "हा शब्द आजपासून बंद. त्याच्या जागी एक पूर्ण वाक्य लिहायचं. मी काय गृहीत धरलं, काय वाचलं नाही, कुठे घाई केली, जे असेल ते."

तिने तीन आठवड्यांतल्या १४० चुका परत काढल्या आणि प्रत्येकीपुढे वाक्य लिहिलं. चार दिवस लागले. संकल्पनाच माहीत नव्हती अशा चुका निघाल्या जेमतेम चौदा.

उरलेल्यांतली एक इथे देतो, कारण तिच्यात बऱ्याच चुकांचं मूळ दिसतं. डेटा सफिशियन्सीचा प्रश्न होता. (या प्रकारात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का एवढंच ठरवायचं असतं.) प्रश्न साधारण असा : एका कंपनीच्या उत्पन्नातून खर्च वजा केल्यावर येणारा फरक यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे का? पहिलं विधान, उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं. दुसरं विधान, खर्च २० टक्क्यांनी वाढला.

तिने उत्तर दिलं होतं की दोन्ही विधानं मिळून पुरेशी आहेत. तिचा विचार सरळ होता. दोन्ही २० टक्क्यांनी वाढले म्हणजे फरकही २० टक्क्यांनी वाढणार. १०० मधून ८० गेले तर २०, आणि १२० मधून ९६ गेले तर २४. वाढलाच की. पण गेल्या वर्षी कंपनी तोट्यात असेल तर? उत्पन्न ८०, खर्च १००, फरक उणे २०. यंदा ९६ आणि १२०, म्हणजे उणे २४. फरक घटला. कंपनी नफ्यात होती असं प्रश्नात कुठेही म्हटलेलं नाही. दोन्ही विधानं मिळूनही माहिती अपुरीच.

तिने त्या रकान्यात लिहिलं : "फरक हा शब्द वाचला आणि नफा असं ऐकलं." मला हे वाक्य फार आवडलं. पुढे आम्ही बोलताना तोच शब्द वापरू लागलो. "इथे काय ऐकलंस?" असं विचारलं की ती लगेच प्रश्नाकडे परत जायची.

सहावा प्रश्न

तरीही एवढ्याने ५७५ चा उलगडा होत नव्हता. घड्याळ न लावता सोडवलेल्या प्रश्नांत ती फार कमी चुकत होती. म्हणून एका रविवारी मी बाजूला खुर्ची टाकून बसलो. तिने क्वांटचे २१ प्रश्न पंचेचाळीस मिनिटांचं घड्याळ लावून सोडवले आणि मी प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ कागदावर टिपत गेलो.

सहावा प्रश्न असा होता : १०० पेक्षा लहान अशा किती धन पूर्णांक संख्या आहेत, ज्यांना ७ ने भागलं तर बाकी ३ उरते आणि ५ ने भागलं तर बाकी २ उरते?

तिने लिहिलं, ७अ + ३ = ५ब + २. मग त्यातून अ काढला. मग ब काढला. दोन अज्ञातं आणि समीकरण एकच, त्यामुळे ती गोल फिरून तिथेच आली. खोडलं. परत मांडलं. तिसऱ्या मिनिटाला तिने घड्याळाकडे पाहिलं, ओठ चावला आणि परत कागदावर वाकली. चौथ्या मिनिटाला ती एकेक संख्या तपासायला लागली आणि मग उत्तर पटकन मिळालं. पाच मिनिटं दहा सेकंद. उत्तर बरोबर होतं, तीन संख्या.

हाच प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. ७ ने भागून ३ उरणाऱ्या संख्या म्हणजे ३, १०, १७. यातली १७ ही ५ ने भागल्यावर २ उरवते. पुढची अशी संख्या ३५ ने पुढे, कारण ७ आणि ५ चा लसावि ३५. ५२, मग ८७, आणि त्यापुढची १०० च्या बाहेर. पण मला त्या दिवशी खटकली ती तिची पद्धत नव्हती. पद्धत शिकवता येते. तिसऱ्या मिनिटाला तिने घड्याळाकडे पाहिलं होतं. उशीर होतोय हे तिला कळलं होतं, आणि तरी ती त्याच प्रश्नावर थांबून राहिली होती.

माझ्या कागदावर पूर्ण सेक्शन असा उतरला : पहिल्या सात प्रश्नांना २२ मिनिटं, पुढच्या नऊ प्रश्नांना १९ आणि शेवटच्या पाच प्रश्नांना मिळून ४. त्या पाचांतले चार चुकले. नंतर तेच चार मी तिला घड्याळ न लावता दिले. तिने तीन बरोबर सोडवले, आणि त्यातल्या दोनांना दीड मिनिटही लागलं नाही.

"सहाव्यावर का थांबलीस?" मी विचारलं.

"सर, तो येत होता. येत असताना सोडायचा कसा?"

मग तिने दुसरं कारणही सांगितलं. पहिल्या दहा प्रश्नांवरच स्कोअर ठरतो, म्हणून ते काही झालं तरी चुकवायचे नाहीत, असं तिला कोणीतरी पक्कं सांगितलं होतं. हा समज जुना आहे आणि त्याने अनेकांचं नुकसान केलंय. परीक्षा अडॅप्टिव्ह आहे, म्हणजे तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न किती कठीण द्यायचा ते संगणक ठरवतो. त्यावरून लोक सुरुवातीच्या प्रश्नांना फाजील महत्त्व देतात. प्रत्यक्षात तुमच्या कुवतीचा संगणकाचा अंदाज शेवटच्या प्रश्नापर्यंत सुधारत राहतो. शेवटी ओळीने चार-पाच चुका झाल्या की सुरुवातीला जपून कमावलेलं निसटतं, आणि प्रश्न अनुत्तरित राहिले तर दंड आणखी मोठा असतो. शिवाय अडॅप्टिव्ह परीक्षेत उत्तम स्कोअर मिळवणारेही बरेच प्रश्न चुकवतात, कारण त्यांना मिळणारे प्रश्नच त्यांच्या कुवतीच्या काठावरचे असतात. सगळे बरोबर आणायचे, ही शाळेतल्या गणिताच्या पेपरची सवय इथे घात करते.

तिची अडचण त्या सवयीत होती. अर्धवट गणित सोडणं तिला आळस वाटायचा, जवळजवळ अप्रामाणिकपणा. लहानपणापासून जिचं कौतुक चिकाटीसाठी झालं, तिला चिकाटी बाजूला ठेव म्हणून सांगणं सोपं नाही. मी तसं सांगितलंही नाही. एवढंच म्हटलं, "शेवटच्या पाच प्रश्नांतले तीन तुझे होते. सहाव्याला दिलेला वेळ तू त्यांच्याकडून घेतलास."

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली.

सोडायचा सराव

क्वांटमध्ये हिशेब सोपा बसतो. २१ प्रश्न, ४५ मिनिटं, म्हणजे सात प्रश्नांना पंधरा मिनिटं. सातवा संपला की घड्याळात ३० उरली पाहिजेत, चौदावा संपला की १५. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघण्यापेक्षा एवढ्या दोनच ठिकाणी बघितलं तर डोकं शांत राहतं.

आम्ही सात-सात प्रश्नांचे संच केले, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे. एकच नियम घातला : सातांतला एक प्रश्न सोडायचाच, मग तो येत असला तरी. जीमॅटमध्ये प्रश्न कोरा ठेवून पुढे जाता येत नाही. म्हणून सोडायचा म्हणजे अंदाजाने एक पर्याय निवडायचा, बुकमार्क करायचा आणि पुढे जायचं. नव्या परीक्षेत सेक्शनचे सगळे प्रश्न झाल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. ही सोय तिला माहीत होती, पण वेळ कधी उरलाच नसल्याने ती वापरली गेली नव्हती.

पहिले चार दिवस तिने चुकीचे प्रश्न सोडले. लांबलचक दिसणारे, पाच ओळींचे शाब्दिक प्रश्न ती आधी टाकायची. ते वाचायला लांब असतात, पण एकदा मांडणी झाली की सोपे निघतात. वेळ खातात ते बहुधा दीड ओळीचे प्रश्न. संख्यांचे गुणधर्म, बाकी, विषम-सम. दिसायला निरुपद्रवी, त्यामुळे 'एवढ्याशा प्रश्नाला कसं हरायचं' असं वाटून माणूस अडकतो. म्हणून आम्ही लांबीवरून ठरवणं सोडलं आणि एका मिनिटाची खूण ठेवली. एक मिनिट झालं की स्वतःला विचारायचं : वाट दिसतेय का? उत्तर दिसायला नको, वाट दिसायला हवी. दिसत असेल तर आणखी दीड मिनिट तिच्यावर चालायचं. दिसत नसेल तर तिथेच सोडायचं.

वहीत पाचवा रकाना आला : वाट कधी दिसली. तो रकाना भरताना तिच्याच लक्षात आलं की ज्या प्रश्नांत एका मिनिटात वाट दिसली नाही, त्यांतले फार थोडे चार मिनिटं देऊनही बरोबर आले होते. हे मी दहा वेळा सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं म्हणून पटलं.

तीन आठवड्यांनी चौथी मॉक. ६१५. क्वांट ८०, व्हर्बल ८३, डेटा इनसाइट्स ७८.

मग ५९५

पुढच्या मॉकला स्कोअर खाली आला. क्वांट ८१ पर्यंत गेला होता, पण व्हर्बल ८० वर घसरला. तिला धक्का बसला, कारण व्हर्बल हा तिचा आधार होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिने व्हर्बलमध्ये सहा प्रश्न सोडले होते. क्वांटमध्ये शिकलेली गोष्ट तिने जशीच्या तशी इकडे आणली, आणि सोडण्याचं रूपांतर पळण्यात झालं. व्हर्बलमध्ये एका मिनिटाला वाट दिसणं कठीणच असतं, कारण ते मिनिट उतारा वाचण्यातच जातं. तिथे घाईचा उपाय वेगळा. पहिल्या वाचनाला वेळ जास्त द्यायचा, म्हणजे पर्याय चाळताना कमी लागतो.

क्रिटिकल रीझनिंगमध्ये, म्हणजे व्हर्बलमधल्या युक्तिवादाच्या प्रश्नांत, तिची एक जुनी अडचणही उघडी पडली. प्रश्न होता : एका कंपनीने वेळेच्या नियोजनाचं ऐच्छिक प्रशिक्षण ठेवलं. ज्यांनी ते घेतलं त्यांची वर्षअखेरची कामगिरी न घेतलेल्यांपेक्षा चांगली निघाली. तेव्हा प्रशिक्षणाने कामगिरी सुधारली. हा युक्तिवाद कशावर उभा आहे? तिने निवडलेला पर्याय होता, प्रशिक्षण देणारे अनुभवी होते. बरोबर पर्याय होता, प्रशिक्षण घेणाऱ्यांची कामगिरी आधीपासूनच सरस नव्हती.

"ऐच्छिक हा शब्द वाचलास?"

"वाचला. पण तो महत्त्वाचा वाटला नाही."

तिला आधी निष्कर्ष कुठला आणि आधार कुठला हेच वेगळं करायची सवय नव्हती. इंग्रजीतले दर्शक शब्द पाठ करून उपयोग होईना, कारण कठीण प्रश्नांत ते शब्द मुद्दाम वगळलेले असतात. मग आम्ही मराठीचा आधार घेतला. वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणायचं आणि त्याच्यापुढे एकदा 'म्हणून' लावून बघायचं, एकदा 'कारण'. 'म्हणून' जिथे चपखल बसतं तो निष्कर्ष, 'कारण' जिथे बसतं तो आधार. "प्रशिक्षण घेणाऱ्यांची कामगिरी चांगली निघाली, म्हणून प्रशिक्षणाने कामगिरी सुधारली." असं मोठ्याने म्हणताच ती थांबली. "सर, पण जे स्वतःहून जातात ते आधीच शिस्तीचे असणार ना?" पर्याय न वाचता तिने नेमकी फट दाखवली होती.

परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून विचारही इंग्रजीतच केला पाहिजे, असा हट्ट अनेकजण धरतात. मला तो मान्य नाही. ज्या भाषेत आपण वाद घालतो, ज्या भाषेत आपल्याला दुसऱ्याचं बोलणं लगेच खटकतं, त्या भाषेत युक्तिवाद तपासायला काय हरकत आहे? दोन-तीन आठवड्यांत ती हे इतक्या झटकन करू लागली की वेगळा वेळ लागेना.

डेटा इनसाइट्सबद्दल थोडक्यात. हा सेक्शन ती शेवटी ठेवायची, कारण तो आवडत नव्हता. सेक्शनचा क्रम आपल्याला निवडता येतो आणि मधे दहा मिनिटांची एक सुट्टी घेता येते. तक्ते, आलेख आणि दोन-तीन टॅबमध्ये विभागलेली माहिती वाचायचं काम थकल्या डोक्याने करणं म्हणजे गुण घालवणंच, आणि एकूण स्कोअरमध्ये तिन्ही सेक्शनचं वजन सारखं आहे. आम्ही क्रम बदलला : क्वांट, सुट्टी, डेटा इनसाइट्स, शेवटी व्हर्बल. कॅल्क्युलेटर फक्त याच सेक्शनमध्ये मिळतो आणि ती प्रत्येक बेरजेला तो उघडत होती. अंदाजाने भागतंय तिथे तो न उघडण्याचा सराव केला. एवढ्यानेच बराच वेळ सुटला.

सहावी मॉक : ६४५.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

परीक्षा संपल्यावर तिचा फोन आला. स्कोअर तिने स्क्रीनवर पाहिलेला होता, पण आधी सांगितलं ते हे : "सर, नववा प्रश्न सोडला. वाट दिसत नव्हती. मग शेवटी तीन मिनिटं उरली, तेव्हा परत गेले आणि लगेच दिसली." क्वांटच्या सेक्शनमध्ये तिला आयुष्यात पहिल्यांदा वेळ उरला होता. नवव्याचं उत्तर तिने बदललं. आणखी एका बुकमार्क केलेल्या प्रश्नाकडे गेली, पण तिथे नवीन काही सुचलं नाही म्हणून आधीचं उत्तर तसंच ठेवलं.

क्वांट ८३, व्हर्बल ८४, डेटा इनसाइट्स ८१. एकूण ६५५.

दोन दिवसांनी ती भेटायला आली ती नवा प्रश्न घेऊन. डेटा इनसाइट्समध्ये अजून वाव आहे, मग आणखी एकदा देऊ का? बारा महिन्यांत पाच वेळा परीक्षा देता येते, तिच्या दोनच झाल्या होत्या. नियमाची आडकाठी नव्हती. आम्ही तिच्या यादीतल्या एमबीएच्या शाळांनी प्रसिद्ध केलेले वर्गाचे स्कोअर समोर ठेवले. पाचपैकी तीन ठिकाणी ६५५ मध्यावर किंवा त्याच्या वर बसत होता, एके ठिकाणी थोडा खाली, एके ठिकाणी बराच खाली. दुसऱ्या फेरीच्या अर्जांना सात आठवडे उरले होते. निबंधाचा एकही मसुदा तयार नव्हता आणि शिफारसपत्रांसाठी तिने अजून कोणालाच विचारलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "एका मिनिटाची खूण इथेही लाव. तिसऱ्या प्रयत्नाची वाट दिसतेय का?"

तिने कॅलेंडर उघडलं. सोळा दिवसांची सक्तीची थांबण, मग निदान तीन आठवडे सराव, मग परीक्षा. उरतात दहा-बारा दिवस, आणि त्यात पाच अर्ज. तिने तारखांवर बोट ठेवून दोनदा मोजलं. मग जिथे स्कोअर बराच खाली पडत होता त्या शाळेचं नाव यादीतून खोडलं आणि माझ्यासमोरच तिच्या मॅनेजरला शिफारसपत्रासाठी मेल लिहायला घेतला.